लांबच्याला आधी खुर्ची

मनाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका खुर्चीला शिव्या घालत होती. खुर्ची कंपनीची होती, चाकांची, आणि तिचं पुढचं डावं चाक जाम झालं होतं. मनाक्का फरशीवर उकिडवी बसली, डोक्यातली पिन काढली, चाकात गुंतलेला केसांचा बोळा उपसला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ," ती म्हणाली. "समद्या देशातल्या बायांचे केस हायेत ह्यात. आन् सायबाला वाटतं चाकं गंजली." मी त्या दिवशी नोकरीवर नवी. गळ्यात नवं ओळखपत्र, ओठांवर कंपनीने ठरवून दिलेल्या रंगाची लिपस्टिक. मला किळस आली. मनाक्काने तो बोळा कागदात गुंडाळला आणि आमचे मॅनेजर सुनील सर यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यानंतर दर सोमवारी सगळ्या खुर्च्यांची चाकं साफ होऊ लागली.

मी आयेशा, कोल्हारची. माझे अब्बा बाबाजान टेम्पो चालवतात. शिर्डीला दर्शनाला येणारे लोक जिथे विमानातून उतरतात, तिथे एका विमानकंपनीच्या काउंटरवर मी पाच वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण अजून तिचाच पगार खाते. लोकांना वाटतं विमानकंपनी म्हणजे वैमानिक आणि विमानातल्या गोऱ्यागोमट्या मुली. तसं काही नाही. कंपनी चालते ती जमिनीवर. खुर्च्या, शिड्या, बॅगांचा पट्टा, प्यायचं पाणी, आणि विमान रद्द झालं की शिव्या खायला पुढे उभं केलेलं एक माणूस. ते माणूस बहुतेक वेळा मी असे.

मनाक्काचं काम खुर्च्या ढकलायचं. ज्यांना चालवत नाही त्यांना दारातून विमानापर्यंत न्यायचं आणि आलेल्यांना विमानापासून गाडीपर्यंत. विमानातल्या अरुंद वाटेत जाणारी एक वेगळी बारीक खुर्ची असते. तिच्यावर माणूस बसवून मनाक्का थेट आतल्या सीटपर्यंत जाई, त्याचा पट्टा लावून देई, पदराने स्वतःचा घाम पुसून खाली उतरे. आठ वर्षांत तिने किती हजार माणसं विमानात बसवली असतील कोण जाणे. स्वतः एकदाही उडाली नव्हती.

तिचं खरं नाव मनकर्णा. वय चाळीस-एक्केचाळीस. लग्न होऊन कर्जतकडे गेली होती, तीन वर्षांत परत आली. का आली हे मी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिला घरात घेतलं ते थोरल्या भावाने, सहादेवदादाने. गावाने चार तोंडांनी बोलून घेतलं, पण त्या माणसाने बहिणीला कधी टाकून बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा त्याच्यावर राग निघणार आहे आणि तो पूर्ण न्यायाचा नाही.

त्यांचं घर विमानतळाच्या कुंपणाला लागून. जमीन गेली ती धावपट्टीखाली. "इमान थांबतं ना, त्याच्या जरा फुडं आमची हीर हुती," मनाक्का सांगे, आणि एवढं सांगून खुर्ची वळवी. तिला नोकरी मिळाली ती त्याच जमिनीपायी. कंपनीची जमिनीवरची कामं बघणारी एक एजन्सी होती. तिने गावाला लिहून दिलं होतं की जमीन गेलेल्या प्रत्येक घराला एक नोकरी. नोकरी घराची, माणूस घराने द्यायचा. एकाने सोडली तर त्याच घरातलं दुसरं माणूस त्या जागी येईल, मात्र अठरा वर्षं पूर्ण झालेलं हवं. आणि घरातलं माणूस बढती घेऊन दुसऱ्या गावी गेलं, तर त्या घराला त्याचं मिळालं असं धरून इथली जागा बंद.

पहिल्यांदा सहादेवदादा स्वतः कामावर गेला होता. चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी घरी सांगितलं, "वावरात मरंस्तोवर राबंन, पर लोकांच्या म्हाताऱ्या ढकलत फिरनं आपल्याच्यानं व्हायचं न्हाई." एकदा सोडलेल्याला एजन्सी पुन्हा घेत नाही. त्याची बायको छबूबाई गुडघ्यांनी बेजार, तिलाच खुर्ची लागायची. पोरं लहान. उरली मनाक्का. म्हणजे जे काम पुरुषाला कमीपणाचं वाटलं ते बहिणीच्या गळ्यात पडलं. पुढे त्याच कामावर घराची चूल पेटू लागली आणि घरात त्या नोकरीला नाव पडलं 'वावर'. छबूबाई शेजारणीला सांगे, "मनाक्का वावरात गेलीया." ऐकायला गंमत वाटायची. मीही हसायचे.

आता खुर्च्यांची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. हैदराबादचं विमान अकराला यायचं आणि त्यात म्हातारी माणसं भरलेली असायची. कधी पंचवीस, कधी बत्तीस जणांना खुर्ची हवी असायची. आमच्याकडे खुर्च्या आठ. जो आधी उतरेल त्याला आधी खुर्ची, असा नियम होता. पहिले आठ जण निघून जायचे, बाकीचे विमानाच्या सावलीत ताटकळत उभे, आणि लेक-सून माझ्या काउंटरवर येऊन माझं खानदान काढायचे. त्यातच वरून हुकूम आला की विमानाचं दार उघडल्यापासून शेवटचा खुर्चीवाला गाडीत बसेपर्यंतचा वेळ रोज कळवायचा. आमचा वेळ पन्नास मिनिटांच्या खाली येईना. सुनील सरांनी आणखी खुर्च्या मागितल्या, तर वरून उत्तर आलं की आहे त्यात सुधारणा करा. असलं उत्तर द्यायला डोकं लागत नाही, फक्त खुर्ची लागते, आणि ती चाकांची नसते.

मनाक्काचा मामा आमच्या कोल्हारकडचा, पाटकरी होता. म्हणजे पाटाचं पाणी कुणाला कधी सोडायचं हे बघणारा. लहानपणी ती त्याच्याकडे राहायची आणि त्याची भाकरी घेऊन पाटावर जायची. पाण्याच्या पाळीचा आमच्याकडे एक कायदा आहे: पाणी आधी टेलला द्यायचं, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला, मग वर वर येत हेडला. हेडवाल्याने आधी घेतलं तर टेलपर्यंत थेंब पोचत नाही, आणि मग कुऱ्हाडी निघतात. मनाक्का एक दिवस सुनील सरांना म्हणाली, "सर, आमी हेडला पानी देतोय म्हनून टेल कोरडं ऱ्हातंय."

सरांना काही कळलं नाही. मग तिने करून दाखवलं. विमान उतरायच्या आधीच मी यादी बघून, न्यायला आलेल्यांना फोन लावून विचारायचं की तुमची गाडी कुठे उभी आहे. ज्याची बस पार लांबच्या वाहनतळावर आहे त्याला पहिली खुर्ची. ज्याची गाडी फाटकासमोर आहे त्याला शेवटची. लांबचे हेलपाटे आधी सुरू व्हायचे, तोवर जवळचे सावलीत बाकावर बसायचे, आणि जवळची माणसं शेवटी पटापट निघायची. थांबणाऱ्यांना आपला नंबर जाईल ही भीती नको, म्हणून तिने नळावरच्या हंड्यांसारखं त्यांचं सामान बाकापुढे रांगेत लावलं. सामान रांगेत आहे म्हटल्यावर म्हाताऱ्या निवांत झाल्या आणि एकमेकींना सुपारी देऊ लागल्या. आठवड्यात वेळ आला बत्तीस मिनिटांवर, खुर्च्या त्याच आठ.

तरी अभिप्रायात आमचे गुण कमी पडत होते. दाराशी एक यंत्र ठेवलं होतं, त्यावर तीन तोंडं: हिरवं हसरं, पिवळं गप्प, लाल रागावलेलं. प्रवाशाने जाताना एक दाबायचं. सगळे खूश होऊन जात होते आणि यंत्र सांगत होतं की निम्मे रागावलेत. सुनील सरांची झोप उडाली. मनाक्काने दोन दिवस पाळत ठेवली आणि सांगितलं, "म्हाताऱ्या तोंड बघत न्हाईत सर. लाल रंग कुकवाचा, म्हनून त्येच दाबत्यात. एक तर नमस्कार करून दाबती." मग यंत्रावर तोंडांखाली मोठ्या अक्षरांत 'छान', 'ठीक', 'वाईट' असं लिहिलं आणि सांगायला शेजारी एक माणूस उभं केलं. कंपनीत सुधारणा होतात त्या अशा. पुढे त्यांचे रंगीत तक्ते होतात आणि खाली भलत्याचंच नाव येतं.

या वेळी मात्र तसं झालं नाही. सुनील सर भला माणूस, त्यांनी वर कळवताना मनाक्काचं नाव लिहिलं. दोन महिन्यांनी पत्र आलं. हैदराबादच्या प्रशिक्षण केंद्रात एक जागा निघाली होती. तिथे कंपनीच्या सगळ्या गावांचे खुर्ची ढकलणारे शिकायला यायचे. ही पद्धत त्यांना शिकवायला मनकर्णाबाईंनी यावं, राहायला खोली मिळेल, मुख्य कार्यालयाच्या मॅडम पंधरा तारखेला येतील तेव्हा सही करावी. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून काउंटरच्या आड उभं राहून मीच ते तिला वाचून दाखवलं.

तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "इमानातनं जायचं का?"

"मग काय एसटीने पाठवणार आहेत का तुला?"

ती हसली नाही. खुर्चीच्या हातावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "बरं." एवढंच. मला वाटलं लाजली असेल. किती मूर्ख होते मी.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. आनंद माझ्या पोटात मावेना. अब्बांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बेटा, अशी बातमी घरच्यांना आपण नेऊन द्यायची असते. रिकाम्या हाताने नाही." आमच्याकडे ही रीतच आहे. कुणाच्या पोराला नोकरी लागू दे, कुणी परीक्षा पास होऊ दे, पेढे घेऊन पहिल्यांदा त्याच्या घरी जायचं, आईबापाचं तोंड गोड करायचं, मग जगाला सांगायचं. माझी नोकरी कायम झाली तेव्हा मनाक्काच अशी आमच्या दारात आली होती. मग अब्बांनी टेम्पो काढला, कोल्हारच्या पुलाजवळून एक किलो पेढे घेतले, आणि सकाळी दहाला आम्ही सहादेवदादाच्या अंगणात हजर. मनाक्का कामावर गेलेली होती.

"दादा, तोंड उघडा," मी म्हटलं. "तुमची बहीण हैदराबादला मास्तरीण झाली."

सहादेवदादाने पेढा तोंडात घातला. छबूबाईने पाणी आणलं. त्यांची सोळा वर्षांची संस्कृती दारात उभी होती, तिने "आत्या इमानात बसनार?" असं विचारलं आणि टाळी वाजवली. मी सगळं सांगितलं: खोली मिळणार, पगार वाढणार, पंधराला सही. उचलली जीभ लावली टाळ्याला. सहादेवदादा ऐकत होता आणि पेढा चघळत होता, आणि तो पेढा काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. मग त्याने सावकाश विचारलं, "म्हंजी इथली जागा बंद व्हनार."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उशिरा पडला. अब्बा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बघू ना दादा, सरांशी बोलू." पेढ्यांचा पुडा त्यांच्या कट्ट्यावर तसाच ठेवून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी मनाक्का माझ्याशी बोलली नाही. दुपारचं विमान गेल्यावर पाण्याच्या नळाशी मी तिला गाठलं.

"मी कुनाला सांगितलं नव्हतं गं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पंधराला सही करनार हुते. तिकीट हातात आलं की इमानात जाऊन बसनार. मंग तितनं फोन करनार दादाला. दार लागल्यावर इमान कुनासाठी थांबत न्हाई, हे मला ठावं हाय."

"मला वाटलं तू लाजलीस."

"लाजंन कशाला? भ्याले हुते मी."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू रीतच केली. तुझं काय चुकलं." ते ऐकून मला आणखी वाईट वाटलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी काय झालं ते तिने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सहादेवदादा भांडला नाही. भांडणारा भाऊ परवडला, त्याला उलट बोलता येतं. हा जेवणाच्या ताटावर बसून शांतपणे म्हणाला, "मने, जायाचं असलं तर जा. मी आडवा येनार न्हाई. पर येक इचार कर." ती म्हणाली, मी तिथून पैसे पाठवीन की, इथल्यापेक्षा जास्तीचे. त्यावर तो म्हणाला, "पैसा येईल गं. जमीन गेली तवाबी पैसाच आला हुता. कुठंय तो? ऱ्हायली ती तुझी जागा. तेवढंच वावर ऱ्हायलंय आपलं. दोन वर्सं थांब. संस्कृती अठराची झाली की ती जागा धरंल, मंग तू मोकळी. मी सोता इमानात बशीवतो तुला."

दोन वर्षं हैदराबादची जागा थांबणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं आणि हिलाही. मी सुनील सरांकडे गेले, एजन्सीच्या माणसाशी बोलले. काही वाट निघते का बघा, म्हटलं. नियम तो नियम. "त्यांनी राजीनामा दिला तर जागा घराकडे राहील," एजन्सीवाला म्हणाला, "पण राजीनामा दिलेल्या बाईला कंपनी हैदराबादला कशी घेईल?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि राजीनामा द्यायचा म्हटला तरी जागेवर बसवायचं कुणाला? सोळा वर्षांच्या पोरीला?

मी चिडले. मनाक्काला म्हटलं, "तू सही कर. त्यांचं ते बघतील. तुझ्या नावावर वावराचा एक गुंठा तरी कधी होता का? जमीन मोजणीला आली तेव्हा तू हक्कसोड करून दिलीस ना भावाला? मग आता हे वावर तुझ्या मानेवर कसं?"

"म्हनूनच," ती म्हणाली. "तवा सोडलं म्हनून त्यानं मला घरात घेतलं असं न्हाई. तो तसाबी घेनार हुता. हेच तर लई वाईट हाय, आयेशा. तो चांगला नसता तर मी कवाच गेले असते."

पंधरा तारीख आली. मुख्य कार्यालयाच्या पूजा मॅडम सकाळच्याच विमानाने उतरल्या, आणि त्याच विमानात एकतीस खुर्चीवाले होते. मॅडम हातात घड्याळ धरून उभ्या राहिल्या. मनाक्काने त्या दिवशी जे काम केलं तसं मी पुन्हा बघितलं नाही. एका हाताने खुर्ची वळवत, तोंडाने नावं पुकारत, "तुमची बस लांब हाय, तुमी चला, आज्जी तुमी बसा, तुमची गाडी दारातच हाय, तुमाला शेवटी." तेलुगू आजीला मराठीत सांगत होती आणि तिला कळतही होतं. शेवटची खुर्ची एकोणतिसाव्या मिनिटाला गाडीला लागली. पूजा मॅडमनी टाळ्या वाजवल्या, म्हणाल्या, "मनकर्णाताई, हे तुम्ही आमच्या सगळ्या स्टेशनांना शिकवायचं." आणि सरांच्या केबिनमध्ये टेबलावर कागद ठेवला. पेनही स्वतःचंच दिलं.

मनाक्काने पेन घेतलं. केबिनच्या काचेतून बाहेरचं फाटक दिसतं. फाटकापाशी, उन्हात, सहादेवदादा उभा होता. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मनाक्का सकाळी डबा विसरून आली होती, किंवा मुद्दाम ठेवून आली होती, मी विचारलं नाही. तो केव्हापासून तिथे होता देव जाणे. शिपायाने मला नंतर सांगितलं, नऊपासून. आत निरोप पाठवा असं म्हणाला नाही, कुठे बसलाही नाही. नुसता उभा.

तिने त्याला पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या मनात आलं, जाऊन काचेवरचा पडदा ओढावा. दोन पावलांवर दोरी होती. मी ओढला नाही. एकदा मध्ये पडून मी जे केलं होतं त्यानंतर माझा हात उचलला गेला नाही, आणि आजही मला कळत नाही की पहिली चूक मोठी की ही.

"मॅडम," मनाक्का म्हणाली, "हे शिकवायला हिंदी लागंल. विंग्रजी लागंल. मला न्हाई येत."

"त्याचं आपण बघू. दुभाषी देऊ."

"आमच्या ह्या आयेशाला समदं येतं. यादी करती ती, फोन लावती ती. मी निस्ती खुर्ची ढकलती. हिला न्या."

मी म्हटलं, "नाही, मनाक्का." एकदा म्हटलं. तिने माझ्याकडे वळून, जसं ती प्रवाशांना समजावते तसं, अगदी कामाच्या आवाजात सांगितलं, "ज्याला लांब जायाचं त्याला आधी खुर्ची. तुला लांब जायाचं हाय. माझं घर फाटकाला लागून हाय, मी शेवटची." पेन माझ्या हातात दिलं आणि फाटकाकडे गेली. काचेतून दिसलं, तिने भावाच्या हातातली भाकरी घेतली.

दुसऱ्यांदा नाही म्हणायला माझा धीर झाला नाही. घरच्यांचा विचार केला, स्वतःचा केला, आणि महिनाभराने मी हैदराबादला गेले. अब्बांनी पेढे वाटले.

तिथे मी शिकवते. फळ्यावर दारापासून वाहनतळापर्यंत रेषा काढते आणि सांगते की आधी टेल, मग हेड. कंपनीने या पद्धतीला इंग्रजी नाव दिलंय आणि ती आता अकरा गावांत चालते. पहिल्या तासाला मी नेहमी सांगते की ही पद्धत नगर जिल्ह्यातल्या मनकर्णाबाईंची आहे. पोरं वहीत लिहून घेतात. एकाने मागे विचारलं, "मॅडम, मग त्या इथे का नाहीत?" मी म्हटलं, वेळ झाला, पुढच्या मुद्द्याकडे वळू. मला लाज वाटली आणि अजून वाटते.

दोन वर्षं पूर्ण झाली त्या महिन्यात मी सुट्टी काढून घरी आले. मनात हिशेब एकच होता: संस्कृती आता अठराची. केंद्रात एक जागा पुन्हा निघायच्या बेतात होती. मनाक्काचा राजीनामा आणि पोरीची नेमणूक झाली, तर नव्याने भरती म्हणून तिला घेता येईल का, हे मी पूजा मॅडमना हळूच विचारून ठेवलं होतं. होईल म्हणाल्या होत्या. या वेळी मी कुणाला सांगितलं नाही. अब्बांनासुद्धा नाही.

विमान उतरलं. शिडीखाली मनाक्का उभी होती, डोक्यावर कंपनीची टोपी, शेजारी खुर्ची. केस बरेच पांढरे झाले होते. मी तिला बाजूला घेतलं आणि एका श्वासात सगळं सांगितलं.

"संस्कृती नगरला गेली," ती म्हणाली. "नर्सिंगला. गेल्या महिन्यात पोचवून आले."

"आणि दादा काही बोलला नाही?"

"लई बोलला. म्हनला, वावर कोन धरनार? मी म्हनलं, मी हाय की." तिने खुर्चीचा ब्रेक काढला. "तिला म्हनलं, पोरी, तुला लांब जायाचं, तू आधी नीघ. न्हाईतर तीबी हितंच अडकली असती माझ्यावानी. धाकटा हाय आता अकराचा."

मी मनातल्या मनात मोजलं. सात वर्षं. तिनेही मोजलेलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मला रडू फुटलं. विमानातून शेवटच्या म्हाताऱ्या उतरत होत्या आणि मी शिडीखाली हुंदके देत उभी. मनाक्काने इकडेतिकडे बघितलं आणि टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, म्हणजे माझा चेहरा कुणाला दिसू नये.

"ह्या बारीला पेढे आनलेस का?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि खुर्ची घेऊन शिडीशी थांबलेल्या म्हातारीकडे गेली. "आज्जी, तुमची गाडी कुठं लावलीया?"